इंग्रजी शब्दांशीं ओळख

दहिसरच्या एखाद्या मराठी घरांत सकाळीं सहापासून आठपर्यंत कान देऊन बसावें आणि ऐकूं येणारा प्रत्येक इंग्रजी शब्द कागदावर टिपावा. गॅस, कुकर, मिक्सर, टॉवेल, ब्रश, लोकल, फास्ट, स्लो, पास, ऑफिस, लेट, चार्जर, टेन्शन. पहिलें पान भरतां भरतां लिहिणाराचा हात दुखूं लागेल. त्याच घरांतील आजींना विचारलें, कीं तुम्हांला इंग्रजी येतें का, तर त्या पदर सावरीत म्हणतील, "छे हो, मला कुठलं इंग्रजी!" हें उत्तर केवळ विनयाचें नव्हे, तें खरेंहि आहे. इंग्रजी शब्द तोंडांत असणें ही एक गोष्ट आणि इंग्रजी येणें ही दुसरी. परंतु ह्या दोहोंमधील अंतर लोक समजतात तितकें मोठें नाहीं, आणि तें ज्या वाटेनें तोडूं पाहतात ती वाट मात्र बहुधा चुकीची असते.

हा प्रश्न भाषाभ्यासकांच्या करमणुकीचा नाहीं. दहिसर हें मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील उत्तरेकडचें शेवटचें स्थानक. पुढें मीरा रोड आला कीं ठाणें जिल्हा लागतो. येथील रावळपाडा, केतकीपाडा, कांदरपाडा अशा वस्त्यांतून मराठी माध्यमांत शिकलेलीं मुलें दरवर्षीं दहावी उत्तीर्ण होतात. त्यांपैकीं एक मुलगी डोळ्यांपुढें आणावी. विज्ञानांत तिला उत्तम गुण पडले आहेत. ती अकरावीच्या विज्ञान शाखेंत जाऊन बसते आणि पहिल्याच तासाला पदार्थविज्ञानाचे अध्यापक इंग्रजींत बोलूं लागतात. 'अ‍ॅक्सिलरेशन' हा शब्द येतो. त्वरण म्हणजे काय हें तिला पुरतें ठाऊक आहे. त्यावरचीं उदाहरणें तिनें डोळे मिटून सोडविलेलीं आहेत. फक्त दारांत उभा असलेला हा पाहुणा म्हणजे आपलाच जुना परिचित त्वरण, हें तिला ओळखूं येत नाहीं. शेजारची मुलगी मान डोलाविते. ही खालीं पाहते. शंका विचारावी तर तीहि इंग्रजींतच विचारावी लागेल, ह्या भयानें ती गप्प बसते, आणि दिवाळीच्या सुमारास घरीं सांगते, "आई, मला सायन्स झेपणार नाही. मी कॉमर्सला जाते." विज्ञान तिला झेपत होतेंच. झेपलें नाहीं तें दोनतीनशें नांवांचें ओझें. आणि तेवढ्या ओझ्यापायीं एका हुशार मुलीचा आयुष्याचा मार्ग बदलतो. वाणिज्य शाखा वाईट आहे असें नव्हे. पण ती आवडीनें घेणें निराळें आणि पळ काढून तिच्या आश्रयास जाणें निराळें.

अशा मुलीस शेजारपाजारांतून जो पहिला सल्ला मिळतो तो ठरीव असतो: रोज दहा शब्द पाठ कर. वही आणली जाते, पानाच्या मधोमध उभी रेघ मारली जाते, डावीकडे शब्द आणि उजवीकडे अर्थ. पंधरा दिवसांत दीडशें शब्द होतात, आणि सोळाव्या दिवशीं पहिल्या पानावरचे निम्मेहि आठवत नाहींत. ह्यांत मुलीचा दोष नाहीं. हेर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञानें स्वतःवरच प्रयोग करून १८८५ सालीं दाखवून दिलें, कीं अर्थहीन अक्षरसमूह पाठ केले तर त्यांचा मोठा भाग पहिल्या कांहीं तासांतच निसटतो. पुढें ही गळती मंदावते. वहींतील एकाकी शब्द हा नवख्याच्या दृष्टीनें जवळ जवळ अर्थहीन अक्षरसमूहच होय. त्याच प्रयोगांतून निघालेली दुसरी गोष्ट अधिक उपयोगाची आहे. एका बैठकींत दहा वेळां घोकण्यापेक्षां तींच आवर्तनें निरनिराळ्या दिवसांवर वांटून दिलीं तर कमी श्रमांत अधिक टिकतें. आज पाहिलेला शब्द उद्यां, मग तीन दिवसांनीं, मग आठवड्यानें, मग महिन्यानें असा भेटत राहिला पाहिजे. माणसांची ओळखहि अशीच होते. लग्नांत एकदां भेटलेल्या पन्नास पाहुण्यांपैकीं पुढें किती ओळखूं येतात?

तथापि त्या उभ्या रेघेचा खरा दोष विस्मरण हा नाहीं. तिचा दोष असा, कीं ती असत्य बोलते. एका शब्दाला समोरच्या भाषेंत एकच अर्थ असतो असें ती सुचविते. दहिसर स्थानकाबाहेर एका दुकानांत भिंतीवरच्या घड्याळाचे सेल मिळतात. शेजारीं कपड्यांचा सेल लागलेला असतो. वर्तमानपत्रांत पोलिसांच्या सायबर सेलची बातमी असते. आणि जीवशास्त्राच्या वर्गांत पेशीला सेल म्हणतात. देवनागरींत हे चारहि एकरूप. इंग्रजींत कपड्यांचा सेल 'एस्'नें सुरू होतो आणि उरलेले तिन्ही 'सी'नें. ह्या तिघांचें मूळ एक आहे: लहानशी खोली. रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें सूक्ष्मदर्शकाखालीं बुचाचा पातळ काप ठेवून पाहिला. त्यांत त्यास मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले, आणि १६६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यानें त्यांस 'सेल' हें नांव दिलें. तुरुंगाची कोठडी तीच, मठांतील संन्याशाची खोली तीच. ही एवढी हकीकत ज्यानें ऐकली त्यास 'पेशी म्हणजे सेल' हें पाठ करण्याची गरज उरत नाहीं. आणि 'सी'च्या ठिकाणीं 'एस्' लिहिण्याची चूकहि त्याच्या हातून सहसा होत नाहीं.

घरांत वावरणारे इंग्रजी शब्द तर आणखी फसवे. ते मराठींत आले आणि येथले रहिवासी झाले. त्यांच्या मूळ गांवीं त्यांचें कुळ वेगळें आहे हें विसरलें गेलें. मराठी माणूस हॉटेलांत मिसळ खाऊन परत येतो. इंग्रजी हॉटेलांत मुख्यतः मुक्काम करतात. दहिसरच्या इमारतींत कपडे गॅलरींत वाळत घालतात. इंग्रज ऐकेल तर त्याला चित्रांचें दालन आठवेल, कारण ह्या जागेस तो 'बाल्कनी' म्हणेल. मुलगा क्लासला जातो तो शाळेव्यतिरिक्त जातो. एखादे गृहस्थ 'फॅमिली गांवाला गेली आहे' असें म्हणतात तेव्हां एकटी पत्नीच गेलेली असते. ह्या मराठी वापरांत चूक कांहींच नाहीं. आलेला शब्द आपल्या सोयीनें राबविणें हा प्रत्येक जिवंत भाषेचा हक्क आहे. पोर्तुगीजांकडून आलेले पगार, चावी, बादली, लिलाव हे शब्द आज कोणास परके वाटतात? आणि 'फलाट' हा तर 'प्लॅटफॉर्म'च मराठी वेषांत उभा आहे. मात्र इंग्रजी बोलतांना हेच शब्द परत न्यावयाचे, तर त्यांचा तिकडचा पत्ता ठाऊक हवा.

फलाटावरून गाडींत चढावें. लोकलमध्यें पुढच्या स्थानकाचें नांव मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत पुकारलें जातें. फलाट आणि गाडी यांतील अंतराकडे लक्ष ठेवण्याची सूचनाहि ऐकूं येते. इंग्रजींत त्या ठिकाणीं 'माइंड' हा शब्द असतो. वहींत 'माइंड म्हणजे मन' असें लिहिलेलें. मन आणि फलाटामधील फट यांचा संबंध काय? पण तोच शब्द येथें क्रियापद झाला आहे. लक्ष ठेवणें, जपणें हा त्याचा अर्थ. पुढें कोणी विनयानें विचारतो, 'डू यू माइंड?' तेथें त्याचा अर्थ हरकत असणें. मुलाला कांहीं काळ सांभाळणें हेंहि इंग्रजींत 'माइंड' करणेंच. मराठीचा विचार केला तर हें फार दूरचें नाहीं. 'मनावर घेणें', 'मनांत ठेवणें', 'मन लावणें' ह्या प्रयोगांतहि मनाला अशीच कामें लाविलेलीं आहेत. दररोज चर्चगेटपर्यंत तासाहून अधिक प्रवास करणाऱ्या माणसाच्या कानांवर हा शब्द वर्षांतून शेंकडों वेळां पडतो, आणि तरीहि तो त्याच्या संग्रहांत शिरत नाहीं. कारण कानांना तो घोषणा वाटतो, शब्द वाटत नाहीं.

आतां उलट दिशेनें पाहिलें पाहिजे, कारण शिकणाराची खरी गाठ येथें पडते. मराठीचीं क्रियापदें फार कष्टाळू आहेत. 'लागणें' हें एकच घ्यावें. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, वेळ लागतो, लाडू गोड लागतो, मुलाला नोकरी लागते, परीक्षेचा निकाल लागतो, म्हाताऱ्याचा डोळा लागतो, कोणास घाटांत गाडी लागते आणि कोणास वाचनाचा छंद लागतो. मराठी बोलणारास ह्यांत दहा क्रिया आहेत असें कधीं जाणवतहि नाहीं. इंग्रजींत मात्र ह्या दहाहि ठिकाणीं निरनिराळी व्यवस्था आहे. भूक लागली तर तेथें माणूसच 'हंग्री' असतो. भूक बाहेरून येऊन त्याला चिकटत नाहीं. वेळ लागतो तेथें काम वेळ 'टेक' करतें, म्हणजे घेतें. आग लागते तेथें घर आग 'कॅच' करतें, पकडतें. लाडू 'टेस्ट' ह्या क्रियापदानें गोड होतो. नोकरी 'गेट' करावी लागते. निकाल 'डिक्लेअर' होतो, डोळा लागणारा 'डोझ ऑफ' होतो, आणि ठेच लागलेला आपल्याच पायाचें बोट 'स्टब' करून घेतो. ज्यानें 'लागणें' ह्या शब्दासमोर कोशांतील पहिला प्रतिशब्द लिहून ठेविला, त्याची ह्या दहापैकीं प्रत्येक ठिकाणीं फसगत होणार.

ह्या उदाहरणांच्या मुळाशीं दोन भाषांच्या वृत्तींतील एक भेद आहे, आणि तो एकदां ध्यानांत आला कीं पुष्कळ चुका आपोआप टळतात. मराठींत भूक, राग, ताप, झोप, आठवण ह्या गोष्टी माणसाकडे येतात, लागतात, होतात. माणूस 'मला' ह्या रूपानें त्यांस सामोरा जातो. मला राग आला, मला ताप आला, मला तुझी आठवण झाली, मला हें आवडतें. इंग्रजींत बहुतेक ठिकाणीं माणूस 'आय' होऊन वाक्याच्या आरंभीं उभा राहतो आणि राग, ताप, आठवण यांचा धनी होतो. ह्यावरून इंग्रज अहंकारी आणि मराठी माणूस दैववादी असा सिद्धान्त काढण्याचा मोह कांहींना होतो, तो आवरावा. परंतु 'मला'नें सुरू होणारें मराठी वाक्य इंग्रजींत नेतांना तें 'आय'पासून मांडून पाहावें, एवढी संवय पहिल्या महिन्यांत जरी लागली तरी तिचा लाभ पांचशें सुट्या शब्दांहून अधिक आहे.

शब्द एकटे राहत नाहींत. त्यांचे सोबती ठरलेले असतात. मराठींत विद्यार्थी परीक्षा देतो. तो इंग्रजींत 'गिव्ह' म्हणतो, आणि अर्थ नेमका उलटा होतो. कारण तेथें परीक्षा देणारा शिक्षक असतो, विद्यार्थी ती 'टेक' करतो. एकच परीक्षा, पण देवघेवीची दिशा फिरलेली! फोटो मराठींत काढतात, इंग्रजींत घेतात. स्वप्न मराठींत पडतें, इंग्रजींत तें माणसाजवळ असतें. दिवा मराठींत बंद करतात म्हणून दहिसरचा मुलगा 'क्लोज द लाइट' म्हणतो. इंग्रजी दिवा मात्र 'टर्न ऑफ' करावा लागतो, जणूं त्याची कळ अद्याप पिळावीच लागते. डोकें दुखलें तर मराठी क्रियापद डोक्याला मिळतें; इंग्रजींत 'हेडेक' ही एक वस्तु होऊन माणसाजवळ येते. म्हणून वहींत शब्द लिहूं नये, जोडी लिहावी. 'एक्झाम' असें नव्हे, 'टेक अ‍ॅन एक्झाम' असें. आणि खालीं स्वतःच्या घरांतलें, स्वतःच्या माणसांचें, शक्य तर खरें घडलेलें एक वाक्य लिहावें. परक्या वाक्यांतला जॉन आणि मेरी लवकर विसरतात. आपला मामा विसरत नाहीं.

हें सारें नवें आहे असें समजण्याचें कारण नाहीं. बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस 'दर्पण' सुरू केलें, तेव्हां त्याच्या पानावर एका स्तंभांत इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभांत मराठी मजकूर असे. त्या वेळीं जांभेकरांचें वय अवघें वीस वर्षांच्या आसपास होतें. दोन भाषा समोरासमोर बसवून वाचकाची नजर एकीकडून दुसरीकडे जाऊं द्यावी, ही रचना भाषा शिकणाराच्या दृष्टीनें फार सोयीची होती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं. तोहि शब्दाबरोबर त्याचे प्रयोग आणि म्हणी देतो, म्हणूनच आजसुद्धां तो वाचावयास घ्यावा तर तास निघून जातो. पुढें द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या 'भाषांतर पाठमाले'वर मराठी घरांतील कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. कांहीं घरांत ती अद्याप कपाटांत सांपडते. आज तिची थट्टा करण्याची रीत पडली आहे, कारण तिच्यांतील वाक्यें कोणी बोलत नाहीं. परंतु तिची मूळ कल्पना शहाणपणाची होती: थोडे शब्द, एक नियम, आणि तेच शब्द घेऊन मराठींतून इंग्रजींत व इंग्रजींतून मराठींत केलेलीं भरपूर वाक्यें. उणीव एवढीच, कीं ती हाताला शिकवी, जिभेला शिकवीत नसे.

'दर्पणा'च्या त्या दोन स्तंभांची सोय आज दहिसरच्या त्या मुलीस फुकट उपलब्ध आहे, आणि आश्चर्य असें, कीं तिजकडे फारच थोड्या पालकांचें लक्ष जातें. पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, १९६७ सालीं स्थापन झालें. विज्ञानाचें एकच पुस्तक तें मराठी, इंग्रजी व इतर माध्यमांतून काढतें. धडे तेच, आकृत्या त्याच, प्रश्नहि तेच. मंडळाच्या संकेतस्थळावरून तीं पुस्तकें विनामूल्य उतरून घेतां येतात. मुलीनें दहावी संपल्यावर सुटींत आपल्याच इयत्तेचें विज्ञानाचें इंग्रजी पुस्तक मराठीच्या शेजारीं उघडावें. २०१८ सालीं आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागांत पहिला धडा गुरुत्वाकर्षणाचा होता. विषय ठाऊक, आकृति ओळखीची. अशा ठिकाणीं नवा शब्द कोशांत पाहण्यापूर्वींच निम्मा समजलेला असतो. मराठींत 'मुक्त पतन', शेजारीं 'फ्री फॉल'. हे दोन्ही इंग्रजी शब्द तर तिला आधींच ठाऊक होते! मराठींत 'मुक्तिवेग', शेजारीं 'एस्केप व्हेलॉसिटी'. येथें क्षणभर थांबावेंसें वाटतें. पृथ्वीच्या ओढींतून सुटण्याच्या वेगास मराठीनें मोक्षाची छटा दिली. इंग्रजींत तो निव्वळ पळून जाण्याचा वेग आहे. असा भेद ज्या मुलीच्या नजरेस आला ती तो शब्द विसरणार नाहीं. रोज दोन पानें वाचलीं तरी सुटी संपण्याच्या आंत नित्य लागणारीं बहुतेक शास्त्रीय नांवें तिच्या ओळखीचीं होतील. 'सेमी-इंग्रजी' शाळांतून गणित व विज्ञान आधींपासूनच इंग्रजींत शिकविण्याची जी पद्धति रूढ झाली आहे तिचा हेतुहि हीच अडचण दूर करण्याचा आहे. परंतु समज मराठींत पक्की व्हावी आणि नांवें मागाहून इंग्रजींत यावींत, हा क्रम मुलास अधिक मानवतो असें मानण्यास जागा आहे.

अशाच अडचणीचा विचार पूर्वीं बंगालमध्यें झालेला आहे. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणाधिकारी १९२० नंतरच्या दशकांत ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुलें वर्षानुवर्षें इंग्रजी शिकून साधें पुस्तकहि सुखानें वाचूं शकत नाहींत, हें पाहून त्यांनीं कारण शोधलें. क्रमिक पुस्तकांत नवे शब्द दाटीवाटीनें येत, आणि एकदां आलेला शब्द पुन्हां भेटतच नसे. वेस्ट यांनीं नवीं वाचनमाला तयार केली. तींत नवा शब्द बेतानें येई व आला म्हणजे वारंवार भेटे. १९५३ सालीं त्यांनीं सुमारें २,००० नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साधारण इंग्रजी मजकुरांतील दर शंभर शब्दांपैकीं जवळपास ऐंशीं ह्या दोन हजारांतूनच येतात. वर्तमानपत्र व कादंबरी विनासायास वाचावयाची तर पुढील संशोधनाप्रमाणें आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबें लागतात. तो पल्ला मोठा आहे, पण तो घोकून गांठावयाचा नसून वाचून गांठावयाचा आहे. म्हणून पहिल्या वर्षीं दुर्मिळ व भारदस्त शब्दांच्या मागें लागणें हा निव्वळ अपव्यय. स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांतून शंभर अवघड शब्द पाठ करणारा मुलगा 'गेट', 'टेक', 'पुट', 'रन' ह्यांचे प्रयोग न जाणतां बाहेर पडतो, ही नित्य दिसणारी गोष्ट आहे.

मोठ्या शब्दांसाठीं मात्र मराठी मुलाजवळ एक ठेव आहे, आणि तिची त्याला कोणी आठवण करून देत नाहीं. संस्कृतांतून आलेल्या शब्दांची फोड करण्याची त्याला संवय असते. दहिसर ज्या जिल्ह्यांत आहे त्याचें नांव मुंबई उपनगर. 'उप' आणि 'नगर'. इंग्रजी 'सबर्ब' लॅटिनमधून आला. त्यांतहि 'सब' म्हणजे खालचें, जवळचें आणि 'अर्ब्स' म्हणजे नगर. 'टेलि' म्हणजे दूर हें एकदां कळलें, कीं दूरध्वनि व दूरदर्शन हे शब्द टेलिफोन व टेलिव्हिजन यांच्याबरोबर पाय मिळवून चालूं लागतात. 'फोटो' म्हणजे मुळांत प्रकाश. म्हणून प्रकाशसंश्लेषण तें 'फोटोसिंथेसिस'. (फोटोग्राफला मराठीनें छायाचित्र म्हटलें, ग्रीकांनीं उजेड पाहिला, मराठीनें सांवली पाहिली.) शिवाय सख्ख्या नात्याचेहि शब्द आहेत: नाम आणि 'नेम', द्वार आणि 'डोअर', मूषक आणि 'माउस', दुहिता आणि 'डॉटर'. हें नातें विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास विद्वानांच्या सभेपुढें मांडलें. मात्र दिसण्यांत सारखा तो प्रत्येक शब्द नातलग, असें मानून चालूं नये.

राहतां राहिली जीभ. शब्द डोळ्यांना ओळखीचा झाला तरी तो तोंडांतून निघाल्यावांचून आपला होत नाहीं, आणि येथें बहुतेक घरांत लाज आडवी येते. चूक होईल, कोणी हंसेल. वर्गांत 'आय हॅव अ डाउट' असें म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास कोणी इंग्रजी पंडित सांगतील, कीं 'डाउट' म्हणजे अविश्वास, तुला 'क्वेश्चन' म्हणावयाचें आहे. पंडितांचें म्हणणें कोशाप्रमाणें बरोबर आहे. परंतु मराठीची 'शंका' ही दोन्ही अर्थांची आहे, आणि तिच्या ह्या भाषांतरानें भारतांतील सर्व वर्गांत आतां इतके पाय पसरले आहेत, कीं तें हुसकून लावण्यापेक्षां विद्यार्थ्यानें आधीं हात वर करावा हें महत्त्वाचें. दुरुस्ती नंतर होईल. गप्प राहणाराची दुरुस्ती कोणी करूं शकत नाहीं.

बोलण्याच्या सरावासाठीं वर्गणी भरून कोठें जावें लागतें असें नाहीं. त्या मुलीची आई स्वयंपाकघरांत आहे. मुलीनें ओट्याशेजारीं दोन्ही पुस्तकें घेऊन बसावें. आईनें मराठी वाक्य मोठ्यानें वाचावें, मुलीनें तेंच इंग्रजींतून वाचून दाखवावें, मग पुस्तक मिटून सांगावें. आईला इंग्रजी येत नाहीं हा ह्यांत अडथळा नसून सोय आहे. तिच्यासमोर चुकण्याची लाज वाटत नाहीं, आणि तिला समजावून सांगतांना मुलीचें स्वतःचें समजणें तपासलें जातें. असा क्रम चार दिवस चालला, कीं आईहि प्रश्न विचारूं लागते.

"भूक लागली ते कळलं. दिवा लावला तेही सांगितलंस. आणि कुकर लावला, ह्याला काय म्हणतात गं?"

"थांब हां आई," मुलगी म्हणते. 'लावणें' ह्या शब्दाचें पान तिनें अजून उघडलेलें नाहीं. ती वहीचें कोरें पान काढते, वर 'लावणें' असें लिहिते आणि त्याखालीं एकामागून एक ओळी भरूं लागते: दिवा, कुकर, रोप, औषध, दार, शिस्त.